आमची वाटचाल: प्लॅस्टिकच्या शीटपासून फोमच्या चिलखतापर्यंत

आमच्या कार्यशाळेत सुपरहिरोंची चिलखते तयार होतात. सुरुवात प्लॅस्टिकने झाली. १.५ मिमी जाडीची हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, एक टणक प्लॅस्टिक) शीट तापवायची आणि व्हॅक्यूमने साच्यावर ओढून घ्यायची, की छातीचा भाग तयार. पृष्ठभाग गुळगुळीत, कड रेखीव. नुसते उभे राहून फोटो काढायला हे उत्तम. पण चिलखत घालणाऱ्याला चालायचे असते, वाकायचे असते, खाली बसायचे असते. प्लॅस्टिक काखेत काचते. जी कड सारखी वाकते तिथे आधी पांढरी रेघ उमटते, मग तिथूनच तडा जातो. शिवाय अंगमाप बदलले की साचाही नवा. म्हणून आम्ही कामाचा मोठा भाग ईव्हीए फोमवर, म्हणजे रबरासारख्या लवचीक, हलक्या फोमच्या शीटवर आणला.

आता छाती, पाठ आणि खांदे १० मिमी फोमचे असतात, दंड आणि मांड्या ६ मिमीच्या, वरच्या पट्ट्या आणि नक्षी २ मिमीची. दर घनमीटरला १०० किलोच्या आसपास घनता असलेला फोमच आम्ही घेतो. त्याहून बराच हलका फोम स्वस्त पडतो, पण बोट दाबले की खळगा राहतो आणि घासताना त्याचे कण निघतात.

बेतणे हा या कामाचा गाभा. अंगावर क्लिंग फिल्म गुंडाळून त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर चढवायचे, मार्करने रेषा आणि जोडखुणा काढायच्या, मग ते कापून सपाट करायचे. हे माप जसेच्या तसे फोमवर उतरवले तर तुकडा आखूड पडतो, कारण फोमला जाडी असते. वाकवल्यावर आतली बाजू आकसते, बाहेरची ताणते, आणि लांबी टिकते ती मधल्या रेषेची. दंडाचा घेर ३० सेंमी असेल तर कपडे आणि हालचालीसाठी २ सेंमी सैल धरून ३२. आता जाडीला ३.१४ ने गुणून तेवढी भर घालायची: ६ मिमीच्या फोमला जवळपास २ सेंमी, १० मिमीच्या फोमला ३ सेंमीहून थोडे जास्त. म्हणजे पट्टी ३४ किंवा ३५ सेंमीची कापायची. नव्या माणसाला आमच्याकडे पहिल्यांदा हाच हिशेब शिकवला जातो.

ईव्हीए पात्याची धार फार लवकर मारते, आणि बोथट पाते फोम कापत नाही, ओरबाडते. दातेरी कडा जुळत नाहीत, मग फटी बुजवण्यात वेळ जातो. म्हणून पात्याच्या बाबतीत काटकसर नको. तिरका काप असेल तर डाव्या बाजूच्या तुकड्यासाठी पॅटर्न उलटा करून कापायचा, नाहीतर दोन्ही खांदे उजवेच होतात.

गोलाई जोडण्याआधी द्यायची. हीट गन सतत फिरती ठेवून दोन्ही बाजू तापवायच्या, तुकडा वाकवून गार होईपर्यंत धरून ठेवायचा. पृष्ठभागावर किंचित चमक आली की छिद्रे मिटली, तिथेच थांबायचे. आणखी तापवले तर फोम आकसून फोड येतात. मग काँटॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही कडांना पातळ लावून ५ ते १० मिनिटे थांबायचे, दमट हवेत त्याहून जास्त. बोटाला चिकटत नाही असे झाल्यावरच कडा टेकवायच्या. ओल्यात जोडले तर सॉल्व्हंट, म्हणजे ॲडहेसिव्हमधला उडून जाणारा द्रव, आत अडकतो आणि पहिल्या ताणाला सांधा उकलतो. टेकलेली कड पुन्हा सरकत नाही, म्हणून जोडखुणा आधी जुळवाव्यात. या कामाला कार्बन कार्ट्रिजचा मास्क आणि खेळती हवा हवीच. कापडी मास्क वाफ अडवत नाही. पीव्हीसीची शीट आम्ही हीट गनखाली धरतच नाही, जळली तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

रंगाआधी रबरी स्प्रेचे तीन-चार पातळ हात. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून लावला तरी चालतो, पण कोपर-गुडघ्याजवळ त्याला भेगा पडतात. थर्माकोलच्या भागावर स्प्रे पेंट थेट मारू नये, सॉल्व्हंट तो खाऊन टाकतो. धातूची झळाळी हवी असेल तर आधी चकचकीत काळा, त्यावर चंदेरी.

रंगावर सगळ्यांचे लक्ष जाते, पण चिलखत बिघडते ते पट्ट्यांपाशी. पट्टी फोमला नुसती चिकटवली तर ओढ बसताच फोमच थरातून फाटतो. आम्ही २५ मिमीची निवारपट्टी चिरेतून आत घेतो आणि मागे ५ सेंमी चौरस प्लॅस्टिकचा तुकडा बसवतो, म्हणजे ताण पसरतो. जुनी हिप्स शीट आता इथे कामी येते. खांद्याचे कवच छातीला इलॅस्टिकनेच टांगायचे, तरच हात डोक्यावर जातो. हेल्मेटमध्ये ४० मिमीचा ५ व्होल्टचा पंखा असतो, पॉवर बँकेवर चालणारा. तो बाहेरची हवा काचेच्या आतल्या बाजूवर सोडतो, त्यामुळे वाफ धरत नाही.

प्रत्येक चिलखतासोबत थोडे ॲडहेसिव्ह, जादा बकल आणि त्याच रंगाची छोटी बाटली देतो. उन्हात बंद गाडीत मात्र चिलखत ठेवू नका. उष्णतेने चिकटवलेले सांधे सैल होतात आणि वजनाखाली दबलेला फोम तसाच बसतो. जागा नसेल तर छाती-पाठ उभी ठेवा आणि खांद्यांच्या पोकळीत कागदाचे बोळे भरा.