वडापचे ऐंशी रुपये

५ जूनला ऑफिसच्या कामासाठी साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट ओलांडला आणि एसटी बंद पडली. कंडक्टर मागच्या गाडीत बसवून देत होता, पण येणारी प्रत्येक गाडी गच्च, आणि मीटिंग ११ वाजता. शेवटी वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी जीप, पकडलं, ८० रुपये दिले, पोचलो. गोष्ट एवढीच. पण तीच ऑफिसच्या प्रवासखर्चाची बिलं भरायच्या नव्या सॉफ्टवेअरला सांगायला मला दोन दिवस लागले.

'प्रवासाचे साधन' या चौकटीवर टिचकी मारली की यादी उघडते: विमान, रेल्वे, टॅक्सी, स्वतःचे वाहन, इतर. जिथं एसटीच नाही तिथं वडाप कुठून असणार! यादी करणारा बहुधा साताऱ्याला विमानानं जात असावा. 'इतर' निवडलं तर खाली लाल अक्षरं उगवली: पावती जोडा. वडापवाल्याकडे पावती मागितली असती तर त्यानं मला वाटेतच उतरवलं असतं. एसटीचं तिकीट तेवढं होतं, पण मशीनमधून निघालेला तो कागद खिशातल्या घामानं निम्मा पुसलेला. फोटो झाला ३ एमबीचा, हवा २०० केबीच्या आत. लहान केला तर आकडे दिसेनात. या झटापटीत १० मिनिटं उलटली, म्हणून सॉफ्टवेअरनं मला बाहेर काढलं. भरलेलं सगळं गेलं.

पुन्हा आत शिरलो. तारीख लिहिली ०५/०६. उत्तर आलं, 'दावा ३० दिवसांपेक्षा जुना आहे.' आठवडा झाला होता फक्त! बऱ्याच वेळानं ट्यूब पेटली. ते अमेरिकी पद्धतीनं आधी महिना वाचत होतं आणि मला ६ मेलाच साताऱ्याला पाठवून मोकळं झालं होतं. मी १३ तारखेला गेलो असतो तर असा महिनाच नसतो म्हणून ते लगेच अडलं असतं, आणि घोळ तिथंच कळला असता. दुष्काळात तेरावा महिना कधीकधी बरा, तो असा.

जुना छापील फॉर्म काही संत नव्हता. तीन प्रती, मध्ये कार्बन, सह्यांसाठी दोन मजले चढउतार. पण डावीकडे दोन बोटं समास असायचा. तिथं लिहायचं, 'गाडी बंद पडल्याने वडापने गेलो', साहेब त्यावर तिरकी सही ठोकायचे, विषय संपला. आता त्याच साहेबांनी हे सॉफ्टवेअर पसंत केलंय. त्यांची बिलं त्यांचा पीए भरतो. त्यांना दाखवले होते ते फक्त रंगीत आलेख.

शेवटी अकाउंट्सच्या मॅडमना शरण गेलो.

"टॅक्सी टाका. शंभरच्या आत पावती मागत नाही ते."

"पण मॅडम, टॅक्सी नव्हती ती."

"ते तुम्हाला माहितीय, मला माहितीय. त्याला काय कळतंय!"

टाकली टॅक्सी. हिरवी खूण आली. मॅडमनी त्याचा प्रिंट काढला, कानामागचं पेन घेतलं आणि प्रिंटरनं कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं: 'टॅक्सी नव्हे, वडाप. रु. ८०. पाहिले.' खाली सही. मग पंचिंग मशीन नेमकं 'वडाप'मधल्या 'व'वर दाबून कागद फाइलला लावला.