हरभऱ्याची सोंगणी आणि चाळीस दिवस

विदर्भात लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपासाचा काळ, येतो तो हातात विळा असताना. कपाळावर राख लावून त्याची सुरुवात होते, तो राखेचा बुधवार. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. राखेचा बुधवार धरून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस ४६. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. याच दिवसांत हरभरा सोंगायचा, गहू काढायचा, गडचिरोली-गोंदियाकडे पहाटे मोहफुलं वेचायची. शहरातल्या चर्चच्या मंडळ्यांसाठी छापलेली पत्रकं वाचून वावरात राबणाऱ्याला वाटतं, एवढा निवांतपणा आपल्याला कुठला? मला मात्र वाटतं, या काळाचा खरा अर्थ वावरातच लवकर उमगतो.

बायबलमधल्या स्तोत्र ८६ मध्ये भक्त देवाला विनवतो, माझं मन एकवट कर. विखुरलेलं मन आपल्याला चांगलं ठाऊक आहे. थोडं बँकेच्या हप्त्यात, थोडं धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या वादात, थोडं पोरीच्या लग्नात, उरलेलं मोबाइलमध्ये. लेंट हे मन गोळा करण्याचा काळ आहे, आणि त्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने तीन गोष्टी सांगितल्या: दान, प्रार्थना, उपास. आपल्याकडे बहुतेक घरांत तिसरीच उरते, तीही ‘मटण बंद’ एवढीच. तिवईचे दोन पाय काढले तर ती उभी राहील का?

तरी उपासापासूनच सुरू करू. कॅथलिक नियम असा: १८ ते ५९ वयाच्या लोकांनी राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. १४ वर्षांपुढच्यांनी त्या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी दंडक सहसा नसतो, ज्याने त्याने प्रार्थनेत ठरवायचं. पाणी कुठेच वर्ज्य नाही. मार्चच्या उन्हात सोंगणीला जाणाऱ्याने निर्जळी उपास धरणं ही भक्ती नव्हे. सिकलसेल असलेल्यांनी तर तो अजिबात धरू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांच्या अंगात असह्य कळा सुरू होतात, आणि हा आजार आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी जेवण सोडू नये, दुसरं काही सोडावं.

आणखी एक चूक सर्रास होते. शेजारच्यांचं बघून आपणही साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी करतो. लेंटच्या उपासात धान्य निषिद्ध नाही. एक ज्वारीची भाकर, पातळ वरण, अंबाडीची भाजी, एवढं साधं जेवण जास्त प्रामाणिक आहे. तुपातल्या उसळीने खर्चही वाढतो आणि घरातल्या बाईचं काम दुप्पट होतं. ज्या उपासाने चुलीजवळच्या माणसाचे कष्ट वाढतात, तो नक्की कोणाचा उपास? लगीनसराईत कुणी पंगतीला बसवलं तर वाद घालू नका. ‘तुमच्यापुढे वाढतील ते खा’ असं येशूने शिष्यांना सांगितलं होतं (लूक १०). आपला उपास दुसऱ्या दिवशी धरता येतो.

उपासातून वाचलेलं घरात राहू द्यायचं नाही, इथे दान सुरू होतं. रोजचा बाहेरचा दहा रुपयांचा चहा सोडला तर चाळीस दिवसांत ४०० रुपये होतात. ते डब्यात टाका, खिशात ठेवलेले राहत नाहीत. पैसे नसतील तर दोन्ही वेळच्या स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढा. मूठ ५० ग्रॅमची धरली तर चाळीस दिवसांत चार किलो जमतं. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर उन्हाळ्यात सोंडे होतात.

पण दानाच्या आधी देणं येतं. यशयाच्या ५८व्या अध्यायात लोक देवाला विचारतात, आम्ही उपास धरतो आणि तू बघत का नाहीस? उत्तर मिळतं: उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही मजुरांना पिळता. याकोब ५:४ तर थेट शेतावर येतो. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे, असं तो लिहितो. म्हणून वावर असलेल्या ख्रिस्ती माणसासाठी लेंटचं पहिलं काम मला हे वाटतं: सोंगणीच्या बायांचा चुकारा त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत (अनुवाद २४:१५). ‘माल विकला की देतो’ चालणार नाही. पाडवा लेंटमध्ये किंवा त्याच्या आगेमागे येतो आणि अनेक गावांत सालगड्याचं वर्ष तेव्हा संपतं. त्याचा हिशेब त्याला वाचून दाखवा. उचल कापताना आजारपणाचे दिवस खाडे धरले असतील तर ते खोडा.

धुऱ्याचा वादही याच काळात मिटवायचा. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, असं मत्तय ५ सांगतं. समेट म्हणजे खटला हरणं नव्हे. मोजणी व्हायची ती होऊ द्या, पण बोलणं सुरू करा. पहिल्यांदा गेल्यावर समोरचा दार लावून घेईल अशी तयारी ठेवा. बहुतेक जण तिथेच परत फिरतात आणि मग ‘मी प्रयत्न केला’ एवढंच समाधान उरतं. दोन आठवड्यांनी पुन्हा जा.

प्रार्थनेसाठी पहाटेची वीस मिनिटं पुरतात. लूकचं शुभवर्तमान २४ अध्यायांचं, ते लेंटमध्ये नीट बसतं. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या गुरुवारी ३८व्या वचनापर्यंत आणि शनिवारी पुढचं वाचा. मग पाच आठवडे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार एकेक अध्याय, म्हणजे २ ते २१ होतात. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी २२, उत्तम शुक्रवारी २३. बुधवार सात येतात आणि पश्चात्तापाची स्तोत्रंही सात: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. राखेच्या बुधवारी ५१ घ्या. शुक्रवारही सातच, आणि क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासावर मनन करत प्रार्थना करायची, स्थानं चौदा. चर्च लांब असेल तर घरीच दर शुक्रवारी दोन करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी पोराने मोठ्याने वाचावं.

रात्री दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं आत्मपरीक्षण. आधी दिवसाचे आभार, मग देवाकडे उजेड मागणं, मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस डोळ्यांपुढून नेणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याचं एकच काम त्याच्या हाती देणं. आपल्या आयुष्याचा हेतू काय, हा प्रश्न इथे हळूहळू सुटतो. एकच गोष्ट आठ-दहा रात्री पुन्हापुन्हा समोर येते, कुणाकडे जायचं राहिलंय, काय सोडायचं राहिलंय. ती वहीत लिहा आणि पाळकांशी किंवा फादरांशी बोला.

तिसऱ्या आठवड्यात सगळं ढिलं पडतं. सुरुवातीला पाच-सहा नेम एकदम धरल्याचा तो परिणाम. तीनच धरा, दान, प्रार्थना, उपास यांतला प्रत्येकी एक. मोडला तर राहिलेले अध्याय भरून काढत बसू नका, त्या दिवशीचा वाचा.

राख तयार करणाऱ्यांसाठी थोडं. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) शिंदीच्या पानांची राख करतात. पानं कडक वाळलेली हवीत, आणि ती काळी असतानाच विझवा. पांढरी झाली तर कपाळावर उमटत नाही. फडक्यातून चाळून घ्या. पाण्यात कालवू नका, ओल्या राखेचा खार कातडी भाजतो. कोरडी लावा, नाहीतर थेंबभर खोबरेल घाला.

पवित्र शनिवारी काही वाचायचं नाही. मुठीमुठीने जमलेलं धान्य त्या दिवशी मोजून पिशवीत भरा आणि संध्याकाळच्या आत पोचवा, म्हणजे त्या घरातही ईस्टरला चूल पेटेल. लूकचा चोविसावा अध्याय पहाटेसाठी राहिला आहे. घरातल्या सगळ्यांना उठवून, अंधार असतानाच, अंगणात वाचा.