नकाब, टिचबटणं आणि उलटतपास

साक्षीला जायचं ठरलं, पण घरात दाव्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "तोंड उघडं करायला लावतील का गं?" नणंदेचं उत्तर तयारच होतं, "लावतातच." हे तिला कुणी सांगितलं, ते तिलाही आठवेना. दीर म्हणाले, मुळात बुरख्यात आतच सोडत नाहीत. आमच्या सांगलीच्या खणभागात कोर्टाची पायरी न चढलेले कोर्टाचे जाणकार घरटी एक तरी निघतात.

विषय होता शेजारच्या काकूंच्या मृत्युपत्राचा. काकू निवृत्त नर्स, मूलबाळ नाही. शेवटची वर्षं पुतणीनं केलं, म्हणून घर तिच्या नावानं लिहून दिलं. काकू गेल्यावर पुतण्यानं दावा लावला की मृत्युपत्र बनावट आहे. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातच ते आहे. आणि ते कोर्टात शाबीत करायचं तर त्या दोघांपैकी किमान एकाला, तो हयात असेल आणि साक्ष देण्याच्या स्थितीत असेल तर, उभं करावंच लागतं. दुसरे साक्षीदार आमच्या गल्लीतले डॉक्टर. ते वारले. उरले मी.

मी शिवणकाम करते. डोक्याला हिजाब आणि घराबाहेर चेहऱ्यावर नकाब, हे लग्नाच्या आधीपासूनचं. माझ्यावर कुणी लादलेलं नाही आणि माझ्या मुलीवर मी लादलेलं नाही. एवढं सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना लोकांचं लक्ष तिकडंच राहतं.

पुतणीच्या वकील मॅडम माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं काळं पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि पांढरी कॉलर मीच शिवते. त्यामुळं माप घेता घेताच विचारलं, "मॅडम, कोर्टात बायकांनी काय घालायचं याचा नियम आहे का हो?"

"आहे की. आम्हा वकिलांना आहे. तुम्हाला नाही."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. १९६१चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे, त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत. त्यात पुरुष वकिलांचा कोट, अचकन, काळी शेरवानी, पांढरे बँड. बाई वकिलांना काळं जॅकेट किंवा ब्लाउज, साडी पांढरी-काळी किंवा फिक्या रंगाची पण बिनछापाची, सलवार-कुडताही चालतो, दुपट्टा असो वा नसो. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात मात्र ही सवलत नाही. इतक्या बारकाईनं लिहिलेल्या नियमांत डोक्यावर काय असावं आणि काय नसावं, याचा एक शब्द नाही. शीख वकील पगडी बांधूनच उभे राहतात, त्यांना कोण अडवतंय? पक्षकार आणि साक्षीदार यांच्यासाठी तर कपड्यांची यादीच नाही. नीटनेटकं या, एवढंच.

"पण भाभी," मॅडम म्हणाल्या, "डोकं वेगळं आणि चेहरा वेगळा. चेहऱ्याचा प्रश्न निघणार. तुमच्या बाबतीत तर नक्की निघणार."

त्याची कारणं दोन. एक, पिंजऱ्यात उभी असलेली बाई तीच आहे का, याची कोर्टाला खात्री पाहिजे. दुसरं मला नवीन होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश अठराच्या बाराव्या नियमात, साक्ष देताना साक्षीदार कसा वागतो, कसा बोलतो, यावर न्यायाधीशांना शेरा नोंदवता येतो. चाचरला का, वकिलाकडं बघून उत्तर देतोय का, हे सगळं त्यात येतं. तोंड झाकलेलं असेल तर समोरचे वकील पहिला मुद्दा हाच काढणार.

त्यांनी दुसरी वाटही दाखवली. त्याच संहितेचं कलम १३२. रीतीरिवाजाप्रमाणं ज्या बायकांना लोकांसमोर येण्याची सक्ती करणं बरोबर नाही, त्यांना कोर्टात जातीनं हजर राहण्यापासून सूट. १९०८चा कायदा, पण कलम अजून जिवंत आहे. अशा बाईची साक्ष कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीनं साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून घरीही घेता येते. सासूबाईंना हे फार पसंत पडलं. मला नाही. मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करते, व्यापाऱ्याशी अस्तराच्या भावावरून भांडते, गणपती पेठेत गर्दीतून वाट काढते. आणि कोर्टात अर्ज द्यायचा की मला लोकांसमोर येता येत नाही? उलटतपासात तोच अर्ज माझ्या तोंडावर मारला असता.

माझा भाचा लॉ करतोय. त्याला हे कळल्यापासून त्याचे व्हॉट्सॲप मेसेज सुरू झाले, "खाला, हे वाच." पहिला आला जम्मू-काश्मीरचा. तिथल्या उच्च न्यायालयात २०२४ साली एक बाई वकील म्हणून चेहरा झाकून उभी राहिली आणि चेहरा दाखवायला नाही म्हणाली. कोर्टानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं नाही आणि पुढं स्पष्ट केलं की बार कौन्सिलच्या नियमांत चेहरा झाकून वकिली करायची सोय नाही. हा मेसेज नणंदेनं सगळ्या घराला वाचून दाखवला. ती वकील म्हणून उभी होती, मी साक्षीदार म्हणून जाणार, हा फरक तिला दोनदा सांगूनही पटला नाही. मग तिनं कर्नाटकचं काढलं. ते २०२२चं प्रकरण शाळा-कॉलेजच्या गणवेशाचं, त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. कोर्टात साक्ष देण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

भाच्याचे बाहेरच्या देशांतले दाखले मात्र कामाचे निघाले. बोस्नियात एक साक्षीदार डोक्यावर टोपी घालून कोर्टात आला. न्यायाधीशांनी काढायला सांगितली, त्यानं धर्माचं कारण देऊन नकार दिला, तर त्याला बाहेर काढून कोर्टाच्या अवमानाखाली दंड केला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं दिला. हा काही सरकारी अधिकारी नव्हता, साधा नागरिक होता, आणि त्यानं कोर्टाचा कुठलाही अनादर केला नव्हता, असं त्यांनी धरलं. दुसरा दाखला कॅनडाचा, थेट नकाबचा. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नकाब काढायलाच लावायचा असंही नाही आणि कधीच लावायचा नाही असंही नाही. श्रद्धा मनापासूनची आहे का, खटल्याला खरंच बाधा येते का, मधला काही मार्ग निघतो का, हे त्या त्या वेळी बघायचं. हे निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, ते मॅडमनी लगेच सांगितलं. पण मधला मार्ग ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तो मी शोधायचं ठरवलं, आणि शोधला मशीनवर बसून.

माझा नेहमीचा नकाब मागं डोक्यावर गाठ मारायचा. तो काढायचा म्हणजे दोन्ही हात वर, गाठ सोडा, त्यात हिजाबची पिन निसटते, केस दिसतात, मग सगळं पुन्हा बसवा. भरल्या कोर्टात, सगळ्यांच्या नजरेसमोर ही खटपट मला नको होती. मुद्दा चेहऱ्याचा आहे ना, मग फक्त चेहरा मोकळा व्हावा. मी काळ्या क्रेपचा तुकडा घेतला. कडेला दोन बोटं रुंद पट्टी दुमडली आणि कानशिलाशी दोन्ही बाजूंना टिचबटणं लावली, बाईच्या ब्लाउजला लावतो तीच, मोठ्या नंबरची. बटणाचा खालचा भाग हिजाबच्या आतल्या टोपीलाच शिवला. आता एका हातानं टच-टच, पडदा खाली, हिजाब जागच्या जागी. पहिल्यांदा लावलेली बटणं इतकी घट्ट होती की ओढताना टोपीच पुढं येत होती. ती उसवून हलकी लावली. आमचे हे बघत बसले होते. म्हणाले, "साक्षीची तयारी करायची सोडून शिवत काय बसलीस?" हीच तर तयारी चालली होती.

सरतपास, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची पहिली साक्ष, हल्ली शपथपत्रावर देतात. ते घेणाऱ्या कर्मचारी बाईंनी आधार कार्ड मागितलं, चेहरा बघितला, सही घेतली, झालं. आधारवर तरी माझा चेहरा उघडाच आहे, आणि पासपोर्टचंही तसंच. धर्माच्या कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला पाहिजे. म्हणजे हा प्रश्न काही कोर्टानं नव्यानं काढलेला नाही. आम्ही तो केव्हाच सोडवून पाकिटात घालून फिरतोय.

उलटतपासाच्या दिवशी बराच वेळ बाकावर बसून काढला. सकाळच्या पुकाऱ्यात नाव निघालं, पण समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले होते. मला तेवढंच बघायला मिळालं. तासगावकडचे एक आजोबा दारात आले, कुणी काही सांगायच्या आधीच गांधी टोपी काढून त्यांनी खिशात कोंबली, आत नमस्कार केला, बाहेर आल्यावर झटकून पुन्हा चढवली. त्यांच्या मागं आलेले पाटील थाटाचे गृहस्थ फेट्यासकट आत गेले आणि फेट्यासकट बाहेर आले. जाळीची टोपी घातलेला एक पोरगा या दोघांकडं बघून गोंधळला. टोपी हातात घेतली, मग शेजारच्याला विचारून परत घातली. माझ्या शेजारी वाटणीच्या दाव्यातल्या एक मावशी होत्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनी तो आत जाताना आणखी पुढं घेतला. चौघांनाही कुणी काही बोललं नाही. पट्टेवाल्याचं सगळं लक्ष कुणाचा मोबाईल वाजतोय का, यावर होतं.

मॅडमनी आधीच मला एक विचारून ठेवलं होतं, चेहरा कधी मोकळा करायचा? मी म्हटलं, पिंजऱ्यात गेल्यावर. तिथं तोंड न्यायाधीशांकडं असतं, बाकांवरच्या लोकांकडं पाठ.

दुपारनंतर पुकारा झाला. मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. समोरचे वकील उठलेच, "साहेब, साक्षीदाराचा चेहरा झाकलेला आहे, ओळख पटवता येत नाही." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, साक्षीपुरता चेहरा मोकळा ठेवायला तुम्हाला काही अडचण आहे का?"

"नाही साहेब. डोक्यावरचं राहू दे."

"राहू द्या."

टच-टच. वकीलसाहेबांचं वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच राहिलं.

मग शपथ. ग्रंथावर हात ठेवायचं सिनेमात असतं, इथं तसलं काही नाही. १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणं ईश्वराला स्मरून शपथ घ्या, नाहीतर नुसती सत्यप्रतिज्ञा करा. मी शपथ घेतली.

उलटतपासात मृत्युपत्राबद्दल थोडं आणि नकाबाबद्दल जास्त विचारलं. सही करताना तोंड झाकलेलं होतं का? होतं, डॉक्टर पुरुषमाणूस समोर होते. मग तुम्हीच सही केली हे डॉक्टरांना कसं कळलं? म्हटलं, "साहेब, त्यांनी माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर औषधं दिलीत. मी खोकले तरी ओळखायचे." मागं कुणीतरी हसलं. काकूंनी सही केली तेव्हा तुम्हाला नीट दिसत होतं का? आता यावर काय बोलावं! नकाब तोंडावर असतो, डोळ्यांवर नाही. मी तेवढंच सांगितलं. काकूंनी कुठल्या हातानं सही केली, पेन कुणाचं होतं, आधी कुणी सही केली, हे सगळं मला स्वच्छ आठवत होतं, कारण काकूंचा उजवा हात थरथरायचा आणि खालची पाटी मी धरली होती. हे ऐकल्यावर साहेबांनी मान वर केली आणि स्टेनोला शब्दन् शब्द टाईप करायला सांगितला.

"मृत्युपत्रावरची सही तुमची नाही, असं माझं म्हणणं आहे," वकील म्हणाले.

"माझीच आहे. आत्ता करून दाखवू?"

त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

शेवटी जबाब वाचून दाखवला. एका ठिकाणी "पाटी"चं "पाठी" झालं होतं, ते दुरुस्त करून घेतलं आणि सही केली. बटणं लावली आणि उतरले. बाहेर मॅडम म्हणाल्या, नकाबावर इतके प्रश्न खर्च केल्यामुळं मृत्युपत्राला त्यांनी जवळजवळ धक्काच लावला नाही.

निकाल अजून लागलेला नाही, युक्तिवाद बाकी आहे. सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "मग? लावलं काढायला?" मी म्हटलं, विचारलं. नणंद म्हणाली, तेच ते. तिला कोण समजावणार!

मॅडमच्या एका मिरजेच्या पक्षकाराची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी तसाच नकाब शिवून मागितलाय. क्रेप त्यांचा, शिलाई आणि बटणं माझी. ओळखीतलं गिऱ्हाईक म्हणून शिलाई कमी करा, असा निरोप आलाय. बघू.