मांस वाढलंय, पण पेशी कुठल्या?

रिपोर्टवर नुसतं 'इन्फ्लमेटरी नेझल पॉलिप' (म्हणजे नाकात सुजेने वाढलेलं मांस) लिहून खाली सही ठोकलेली दिसली की माझी चिडचिड होते. मी ठाण्यात एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या विभागाची, टेक्निशियन आहे. सही माझी नसते, पण स्लाइड माझ्या हातची असते. सोललेल्या द्राक्षासारखे ते गिळगिळीत तुकडे फॉर्मलीनमधून येतात. ते मेणात बसवून मायक्रोटोमवर पातळ काप काढायचे आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे. रंग नीट बसला की लालभडक दाण्यांचे, दोन पाळ्यांच्या केंद्रकाचे इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) लगेच उठून दिसतात. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार; त्याचे दाणे फिके आणि केंद्रकाला तीन ते पाच पाळ्या.

युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांचे बहुतेक पॉलिप इओसिनोफिलने भरलेले असतात. 2008 मध्ये बेल्जियम आणि दक्षिण चीनमधल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा चिनी पॉलिपांत न्यूट्रोफिलचा जोर निघाला. म्हणजे सगळं वंशावरच? तसंही नाही. कोरिया आणि थायलंडमध्ये काही वर्षांच्या अंतराने काढलेले पॉलिप ताडून पाहिले, तर इओसिनोफिलवाले वाढलेले दिसले. एवढ्या काळात माणसांची जनुकं थोडीच बदलतात!

त्यात आपल्याला 'आशियाई' म्हणून चीन-कोरियाच्या रांगेत उभं करतात, ते तर मला अजिबात पटत नाही. कळव्याच्या काकांच्या नाकात काय आहे ते काकांच्याच स्लाइडवर मोजा ना!

कारण औषध त्यावर ठरतं. इओसिनोफिलवाल्या पॉलिपला स्टेरॉइड सहसा चांगलं लागू पडतं, पण ऑपरेशननंतर तो परत उगवण्याची खोडही त्यालाच जास्त. सोबत दमा असेल तर विचारूच नका. 2019 मध्ये अमेरिकेत पॉलिपसाठी मंजूर झालेलं डुपिलुमॅबचं इंजेक्शन याच प्रकारच्या सुजेवर नेम धरतं. न्यूट्रोफिलवाल्यांत स्टेरॉइडचा गुण कमी येतो.

आणि हो, ऑपरेशनआधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर इओसिनोफिल कमी दिसतात. सॅम्पलसोबतच्या फॉर्मवर हे क्वचितच कोणी लिहितं. काउंटरवर येऊन "ताई, नाकातलं मांस आहे, रिपोर्ट कधी?" एवढंच विचारतात. गोळ्यांचं मीच खोदून विचारते.

रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचा आकडा नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांगून मोजून मागा. मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्यातून नवा काप काढता येतो. पुन्हा नाकाला हात लावावा लागत नाही.