तिकडे काय शिकवलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एकदाच नाही, गेली पाच-सहा वर्षं विचारताय. शाळेतल्या बायका, चाळीतल्या जुन्या मैत्रिणी, संमेलनात चहाच्या रांगेत भेटलेले लोक, आणि ज्यांच्या दिवाळी अंकात मी वर्षानुवर्षं लिहीत आले ते संपादक. प्रश्न दोन, आणि ते जोडीनंच येतात. मराठीत लिहिणाऱ्या बाईनं गोष्ट लिहायला शिकण्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं? आणि जाऊन आल्यावर ती बाबांची, गिरणीची गोष्ट छापली का नाही?

पहिल्या प्रश्नाला मी आजवर भांडूनच उत्तर दिलं. आपले कवी दिलीप चित्रे नव्हते का अमेरिकेत, आयोवाला, असं म्हणायची. ते होते, १९७५ ते १९७७. पण आयोवाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम वेगळा. तो १९६७ पासून चालतो, तिथे लेखकाला बोलावून घेतात आणि त्याला त्याचं लिहू देतात. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी एका कथालेखन कार्यशाळेला अर्ज केला, गोष्ट स्वतःच इंग्रजीत करून पाठवली, अर्धी फी माफ झाली, उरलेली फी आणि विमानाचं तिकीट पी.एफ.मधून काढलं. करोनाच्या आदल्या वर्षी, मेच्या सुट्टीत, सहा दिवस. एवढंच ते. त्यासाठी चित्र्यांचं नाव पुढे करायला नको होतं.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. बाबांच्या साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, बिडाची एक पट्टी होती. तिच्यावर साचा बनवणाऱ्याचं नाव आणि खाली गाव, बर्न्ली. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या बाबांना जी काही इंग्रजी अक्षरं यायची ती त्या पट्टीवरची. मला त्यांनी शिकवलेलं पहिलं अक्षर ए नव्हे, बी. कार्यशाळेच्या माहितीपत्रकात नकाशा होता. यॉर्कशरमध्ये, कॅल्डर नदीच्या खोऱ्यात कार्यशाळेचं घर, आणि डोंगराची एक रांग ओलांडली की पलीकडे, लँकेशरमध्ये, बर्न्ली. मी अर्ज त्या नकाशामुळे भरला. कथालेखन शिकायची हौस होती, नाही असं नाही, पण ती मुंबईतही भागली असती.

घराबद्दल फार सांगत नाही. दगडी घर, पाऊस, फोनला रेंज नाही, आळीपाळीनं स्वयंपाक. खिडकीतून खाली झाडीत गिरण्यांची जुनी धुराडी दिसायची. काही पडलेल्या, काहींत आता लोक राहतात. लालबागमध्ये वाढलेल्या बाईला ते दृश्य कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आता गोष्ट. तुमच्यातल्या काहींनी तिचा पहिला खर्डा वाचलाय, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साचे एकदम चालले की माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. तिथे सगळे ओठांनी बोलत, आवाज न काढता, तोंड मोठं करून. पुढे बाबांना ऐकू कमी यायला लागलं आणि ती सवय घरी आली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जणं. रात्री सगळे झोपले की रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात बाबा आणि आई तसेच बोलत बसायचे. फीचं, गावच्या जमिनीचं, माझ्या आत्याच्या लग्नाचं. मी झोपेचं सोंग घेऊन बघत राहायची. अर्धं कळायचं, अर्धं नाही. प, ब, भ, म ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, घ तर आत घशात होतात, दिसतच नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दीड वर्षानं बाबा गावी निघाले, आई खानावळ चालवायला मुंबईत राहिली आणि मी तिच्याबरोबर. परळच्या एस.टी. डेपोत गाडीची काच अडकलेली, उघडेना. गाडी हलली तेव्हा बाबांनी काचेतून माझ्याकडे बघून एक शब्द म्हटला. 'बघ' म्हणाले की 'मग' म्हणाले, मला कळलं नाही. दोन्ही सारखेच दिसतात. त्याच पावसाळ्यात ते गावी वारले. माझ्या गोष्टीचा शेवट तो होता, दोन शब्द घेऊन डेपोत उभी राहिलेली मुलगी.

हे इंग्रजीत करताना मी ओठांचं सगळं काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच काढलं. तिकडच्या लोकांना हे काय कळणार, समजावत बसलं तर गोष्ट अडेल, असं मला वाटलं. 'बघ' आणि 'मग' इंग्रजीत होतही नव्हतं. उरला तो एक गप्प माणूस. संपात गप्प, घरात गप्प, गाडीत बसून गप्प निघून जाणारा.

तिथली रीत अशी की आदल्या संध्याकाळी तुमच्या गोष्टीच्या प्रती सगळ्यांना द्यायच्या. सकाळी एका लांब टेबलाभोवती बसून सगळे तिच्यावर बोलतात आणि लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. ही पद्धत मूळची अमेरिकेतली, आयोवाच्या विद्यापीठात १९३६ साली लेखनाचे वर्ग सुरू झाले तिथून पसरलेली. कारण पटण्यासारखं आहे. गोष्ट वाचकाकडे जाते तेव्हा तिच्या पाठोपाठ लेखक खुलासा करायला जात नाही.

माझी पाळी गुरुवारी आली. पंधरा माणसं, वाईट कुणीच बोललं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण इथे मी हा प्रसंग सांगितला की लोक लगेच गोऱ्यांवर घसरतात. एक निवृत्त परिचारिका होती, तिनं खोलीचं वर्णन आवडल्याचं सांगितलं. मग एका तरुण मुलानं विचारलं, पण या माणसाला हवंय काय? तो प्रश्न टेबलावरून फिरत राहिला. अडीच लाख लोक संपावर आहेत आणि हा काहीच करत नाही. त्याला राग येत नाही का? बायकोशीसुद्धा बोलत नाही, असा कसा? कुणी म्हणालं, मला त्याची कीव येते पण तो दिसत नाही. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि खाली रेघ मारली. पंचवीस मिनिटं. मी मान खाली घालून वहीत लिहून घेत होते. 'बायकोशी बोलत नाही' हे वाक्य मी दोनदा लिहिलंय, वही अजून आहे.

जेवणाच्या वेळी समोरची बाई हळूच म्हणाली, तू मघाशी प्रार्थना म्हणत होतीस का? तुझे ओठ हलत होते.

मला माहीतच नव्हतं. मी आवाज न काढता मराठीत बोलत होते, त्या सगळ्यांशी. काय बोलत होते ते आज आठवत नाही.

नियम तेव्हा संपला होता. जेवणाच्या टेबलावर मी सांगू शकले असते, की तो माणूस असा बोलायचा. मी तिला 'हो' म्हटलं. प्रार्थनाच म्हणत होते, असं सांगितलं.

त्या रात्री मी शेवट बदलला. बाबांना गिरणीच्या फाटकापाशी हातगाडीवर उभं केलं आणि त्यांच्या तोंडी भाषण घातलं. माझ्या बाबांनी मोर्चात घोषणा दिल्या असतील, भाषण जन्मात केलं नाही. शुक्रवारी रात्री सगळ्यांनी आपापलं वाचून दाखवायचं होतं. मी वाचलं. खणखणीत वाचलं, शिक्षिका आहे, आवाज आहे मला. लोक उठून उभे राहिले. परिचारिकेच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आनंद झाला. तो लपवत नाही, कारण पुढचं सगळं त्या आनंदामुळेच जड गेलं.

शनिवारी सकाळी सगळे पांगले. मी जवळच्या हेब्डन ब्रिज गावाहून गाडीनं बर्न्लीला गेले. गावाबाहेर क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ साली बांधलेली, वाफेवर चालणारी कापड गिरणी, आता संग्रहालय. ती बंद पडली तेही साल १९८२. आत साचेखातं जसंच्या तसं, तीनशेच्या आसपास साचे ओळीनं. वास ओळखीचा, तेलाचा आणि सुताचा, बाबांच्या सदऱ्याला यायचा तोच. त्यांनी मोजकेच साचे चालू केले आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. ॲप्रन घातलेली एक म्हातारीशी बाई साच्यापाशी उभी होती. पलीकडच्या माणसाला तिला काही सांगायचं होतं. तिनं तोंड मोठं केलं, ओठ लांबवले, हातानं थोडी खूण केली, आवाज नाही. त्यानं मान हलवली आणि गेला.

साचे थांबल्यावर ती आम्हा बघ्यांना सांगायला लागली. याला इकडे मी-मॉ म्हणतात. साचेवाल्या बायका असंच बोलायच्या, मग घरी, रस्त्यात, कुठेही असंच. तिनं करून दाखवलं. लँकेशरमध्ये हे आजी-आजोबांकडून सगळ्यांना माहीत असतं, म्हणाली. ज्या पंधरा जणांना हे काय कळणार म्हणून मी बाबांचे ओठ कापून टाकले, त्यांच्यापासून हे गाव एका डोंगरापलीकडे होतं. त्यांच्या भाषेत त्याला नाव होतं. आमच्या चाळीत त्याला नावसुद्धा नव्हतं.

मग तिनं धोटा, म्हणजे मागात आडवं सूत नेणारं लाकडी साधन, हातात घेऊन दाखवला. कांडीवरचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. त्याला तिकडे 'धोट्याचा मुका घेणं' म्हणतात. मुंबईतही सूत असंच ओढत. आणि त्याच कारणानं, उष्टं नको म्हणून, साचेखात्यात दलितांना येऊ देत नसत. जास्त पगाराचं खातं ते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला होता. बाबा त्या खात्यात कसे लागले, त्यांच्या काळी तिथे काय होतं, हे मी त्यांना विचारलं नाही आणि गोष्टीतही आणलं नाही. तिथे उभी असताना तेही आठवलं. गप्प कोण होतं, हा प्रश्न मग फक्त बाबांचा राहत नाही.

मी त्या बाईला एवढंच विचारलं, कुठली अक्षरं चुकतात? ती लगेच म्हणाली, पी, बी आणि एम.

म्हणून सांगते, तिकडे काही शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही. त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. माझ्या बाबांना काय हवं होतं हे मला माहीत नाही. मराठी खर्ड्यातही ते नव्हतं, फक्त ओठांच्या वर्णनाखाली झाकलं गेलं होतं. इथे कुणी मला तो प्रश्न केला नाही. इथे सगळ्यांनी छान म्हटलं, कारण इथे संपावरच्या माणसाला काय हवं होतं हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. कधी वाटतं, त्या भाषणात थोडं खरं होतं. त्यांनी ते कधी तरी आईला रात्री म्हटलं असेल, मी झोपेचं सोंग घेताना खरंच झोपले असेन. आणि कधी वाटतं, मी बाबांना टाळ्यांसाठी विकलं. परवा मीच म्हणाले होते की विकणं हा शब्द फार झाला. आज पुन्हा वाटतं, झाला नाही.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिला आता पंचाऐंशी वर्षं झाली, स्वतःलाही नीट ऐकू येत नाही. ती शांतपणे ऐकत होती, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होती. मी विचारलं, तू होतीस ना डेपोत, काय म्हणाले बाबा?

"बॅग म्हणाले," आई म्हणाली. "बॅग खालीच राहिली होती ना. कंडक्टरनं मागनं चढवली."

मी म्हटलं, "नाही, माझ्याकडे बघून म्हणाले."

"तुला काय दिसणार गो, तू रडत होतीस."

मी आरशासमोर उभं राहून तिन्ही शब्द म्हणून पाहिले. 'बॅग' म्हणताना तोंड जरा जास्त उघडतं. पण काच मळकी होती, आणि मी खरंच रडत होते का तेही आता सांगता येत नाही. आईशी मी दोन दिवस यावरून वाद घातला. ती हटली नाही.

संपादकांचा फोन दर वर्षी गणपतीच्या आधी येतो, यंदाही आला. मराठी खर्डा त्यांच्याकडे आहे, भाषणाचा शेवट आहे, दोन शब्दांचा आहे, आता आईचाही एक आहे. ते म्हणाले, कुठला तरी एक द्या, पानं अडवून ठेवलीत. मी त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतलेत. त्यातले पाच झाले.