पहिल्या रविवारचे गल्ले आणि बँकेत अडकलेली चिल्लर: माझा अनुभव

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये जमलेलं अर्पण पूर्णपणे बँकेत जमा व्हायला या वेळी 27 जानेवारी उजाडली. नोटा आणि चेक सोमवारीच भरले होते, यूपीआयचे पैसे तर उपासना चालू असतानाच खात्यात आले होते. राहिली ती चिल्लर. 12,840 रुपयांची नाणी, बहुतेक संडेस्कूलच्या मुलांच्या आणि महिला मंडळाच्या गल्ल्यांतली. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार म्हणून मला त्यासाठी बँकेच्या आणखी पाच खेपा पडल्या. त्यातल्या निदान तीन वाचवता आल्या असत्या, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतो आहे. नाशिकमध्ये किंवा आणखी कुठे ज्यांच्याकडे मंडळीचे पैसे सांभाळण्याचं काम आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमची मंडळी प्रेस्बिटेरियन वळणाची, म्हणजे सभासदांतून निवडलेले वडील जिचा कारभार बघतात त्या प्रोटेस्टंट परंपरेतली. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम होतं. तिकडून नोकरीसाठी नाशिकला आलेली घरं आमच्यात बरीच आहेत. या परंपरेत पैशाचा कारभार पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, नसतो. निर्णय वडील मंडळाचा, हिशोब खजिनदाराचा, आणि अर्पण कधीही एकट्याने मोजायचं नाही. गल्ल्यांची पद्धतही याच घरांनी जपली आहे. रोज किंवा आठवड्याला हाताला येईल ते नाणं गल्ल्यात टाकायचं आणि वर्षाच्या पहिल्या रविवारी गल्ला वेदीपुढे आणून ठेवायचा. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत आणि त्यावर तिथल्या मंडळीची केवढी कामं उभी राहिली. आमचे गल्ले त्याच जातीचे. म्हणूनच बँकेच्या काउंटरवर कोणी म्हटलं, की "एवढ्याशा पैशासाठी कशाला त्रास घेता", तर ते मला सहन होत नाही.

31 डिसेंबरच्या वॉच नाईटचं, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेचं, अर्पण सोपं असतं. रात्री बारानंतर बायबलच्या वचनाच्या चिठ्ठ्या वाटून होतात, चहा-केक होतो, तोवर चौघांनी मागच्या खोलीत मोजून घेतलेलं असतं. थैलीत बहुतेक नोटाच असतात. त्याबद्दल एवढंच सांगेन, की मोजणारे चौघं एका घरातले नकोत, आणि रक्कम कागदावर लिहून चौघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी खोलीबाहेर पडू नये.

संकल्पपत्रांचंही, म्हणजे वर्षभर दरमहा किती देणार हे प्रत्येक घर लिहून देतं त्यांचंही, तसं सुरळीत झालं. एक अडचण मात्र दरवर्षी येते. घरं संकल्प करतात जानेवारी ते डिसेंबर, आणि आपला हिशोब तपासला जातो एप्रिल ते मार्च. त्यामुळे वहीत प्रत्येक घरापुढे बारा महिन्यांचे रकाने जानेवारीपासून आखा, पण मार्चनंतर एक जाड रेघ मारून तिथे बेरीज घ्या. हे केलं नाही तर मार्चअखेरीस सगळी वही परत चाळावी लागते. आणखी एक, जानेवारीत आलेला प्रत्येक चेक हातात घेतल्याबरोबर त्यावरचं साल बघा. सवयीने लोक मागचंच साल लिहितात. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे असा चेक शिळा म्हणून परत येतो. या वेळी असे दोन निघाले. देणारे अजून आवारातच होते, म्हणून तिथल्या तिथे बदलून मिळाले.

आता चिल्लर.

एकूण 38 गल्ले आले. काही मातीचे, काही प्लास्टिकचे, दोन दुधाच्या पावडरचे डबे झाकणाला चीर पाडून केलेले. मातीचा गल्ला सभागृहात फोडू नये, खापऱ्या नाण्यांत मिसळतात आणि मुलांचे हात कापतात. गोणपाटात गुंडाळून बाहेर ओट्यावर फोडावा. त्याआधी गल्ल्यावरचं नाव वहीत उतरवून घ्यावं आणि प्रत्येक गल्ला वेगळा मोजून पावती त्याच वेळी, त्या मुलाच्या नावाने फाडावी. बँकेत पैसे कधी जातात याच्याशी पावतीचा संबंध ठेवू नका. आम्ही हे पाळलं म्हणून पुढचे तीन आठवडे निदान मुलांपुढे मान खाली घालावी लागली नाही.

सोमवारी, 5 तारखेला, नोटांच्या भरण्याबरोबर मी नाण्यांची गोणी तशीच नेली. सगळी नाणी एकत्र. कॅशियरने हात लावला नाही, आणि या एका बाबतीत चूक माझी होती. मिसळलेली नाणी कोणीही घेणार नाही. घरी येऊन निवडायला बसलो तेव्हा कळलं, की हे काम वजनावर होत नाही. वजनकाट्याचा सल्ला मला तिघांनी दिला होता, पण तो फसवा आहे. एक रुपयाचं जुनं स्टीलचं नाणं 4.85 ग्रॅमचं आणि 25 मिलिमीटर व्यासाचं. 2011 पासून आलेलं दोन रुपयांचं नाणंही नेमकं 4.85 ग्रॅमचं आणि 25 मिलिमीटरचंच. शेजारी शेजारी ठेवा, जुळ्या भावंडांसारखी दिसतात. त्याच 2011 च्या मालिकेतला रुपया मात्र 3.79 ग्रॅमचा, आणि त्याच्यानंतरचा आणखी हलका. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं 9 ग्रॅमचं, 2011 चं 6 ग्रॅमचं. म्हणजे एक किलो रुपये म्हणजे किती रुपये, याला उत्तरच नाही. डोळ्यांनी आकडा वाचूनच निवडावं लागतं. पांढऱ्या चादरीवर, दिवसाउजेडी. चार जणांना अडीच तास लागले.

निवडून झाल्यावर हिशोब असा निघाला: एक रुपयाची 2,300, दोनची 1,450, पाचची 860, दहाची 310 आणि वीसची 12. वजन साधारण साडेचोवीस किलो. प्रत्येक प्रकारची शंभर-शंभर नाणी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरली. शंभराची पिशवी ही माझी कल्पना नव्हे. रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवलेलं आहे, की शंभर नाण्यांच्या पिशव्या घेतल्या तर दोघांना सोयीचं. भरलेल्या पिशव्या 48 झाल्या, त्यांचे 12,100. उरलेल्या सुट्या नाण्यांचे 740 वेगळ्या पाकिटात. पिशवीत चिठ्ठी घाला: कोणतं नाणं, किती, मोजणाऱ्याची सही. स्टेपलर वापरू नका, रबर लावा.

निवडताना बाजूला काय काढायचं तेही सांगतो. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत. ती घरी परत द्या, म्हाताऱ्या माणसांना त्यांचं अप्रूप असतं. 50 पैसे अजून चालतात. दहाच्या नाण्यांवरून मात्र वाद घालत बसू नका. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दहा किरणांचं, पंधरा किरणांचं, सगळी खरी आहेत. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकार चालतात असं जाहीर केलं आहे. ज्या नाण्यांना चिकटपट्टी चिकटली आहे ती मात्र कोमट पाण्यात भिजवून साफ करा. मुलं गल्ल्याच्या चिरेतून नाणं काढायला काडीला चिकटपट्टी लावतात, तिचे तुकडे राहतात.

8 तारखेला 48 पिशव्या रिक्षात घालून नेल्या. या वेळी उत्तर मिळालं, "एका वेळी हजार रुपयांपर्यंतच नाणी घेतो, तसा कायदा आहे." मी गप्प बसून परत आलो, कारण मला वाटलं असेलही. ही माझी सगळ्यात महाग पडलेली शांतता. घरी येऊन वाचलं. नाणे अधिनियम 2011, कलम 6: एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत वैध चलन, 50 पैसे दहा रुपयांपर्यंत. म्हणजे हजार रुपयांचा आकडा खरा आहे. पण त्याचा अर्थ एवढाच, की त्याहून जास्त नाणी घेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. स्वतःहून घ्यायला कोणतीच मनाई नाही. आणि खातेदाराने बँकेत किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेलीच नाही, उलट बँकांनी सगळी नाणी स्वीकारावीत असं ती पुन्हा पुन्हा कळवत आली आहे. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याने नियम अर्धा वाचला होता. पण त्या अर्ध्या नियमापायी साडेचोवीस किलो वजन दोनदा उचलावं लागलं.

13 तारखेला मी हे तोंडी सांगायला गेलो. ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कॅशचे साहेब रजेवर आहेत, संक्रांत झाल्यावर या." त्या दिवशी पिशव्या घरीच ठेवल्या होत्या, तेवढं शहाणपण आलं होतं.

ज्याने काम झालं ते पत्र. 20 तारखेला नेलं. मंडळीच्या लेटरहेडवर, शाखा व्यवस्थापकांच्या नावे, एका पानाचं. खात्याचं नाव आणि क्रमांक. नाण्यांचा प्रकारवार तक्ता, पिशव्यांची संख्या, एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी. मग दोन वाक्यं: ही नाणी आमच्या खात्यात भरून घ्यावीत, नाकारायची असल्यास नाकारण्याचं कारण या पत्राच्या प्रतीवर लिहून द्यावं. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या. दोन प्रती न्याव्यात, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्यावा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. तोंडी नकार देणं सोपं असतं, लिहून देणं अवघड. व्यवस्थापकांनी पत्र वाचलं, कॅशियरला बोलावलं, आणि पंधरा मिनिटांत ठरलं: निम्म्या पिशव्या गुरुवारी, निम्म्या पुढच्या मंगळवारी, दुपारी गर्दी ओसरल्यावर. 22 आणि 27 तारखेला भरणा झाला. त्यांनी पाच पिशव्या फोडून मोजल्या, पाचही बरोबर निघाल्यावर बाकीच्या चिठ्ठी पाहून घेतल्या. मला फार समाधान वाटलं, ते त्या अडीच तासांच्या निवडीचं होतं.

पत्रालाही दाद मिळाली नाही तर पोच जपून ठेवा. आधी त्याच बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

भरल्यानंतर पासबुक बघा. काही बँका नाणी हाताळण्याचं शुल्क कापतात. कापलं असेल तर ते हिशोबात बँक शुल्क म्हणून वेगळं दाखवा. गल्ल्यांचा आकडा पूर्ण 12,840 राहिला पाहिजे, मुलांच्या पावत्यांची बेरीज त्याला जुळली पाहिजे.

मधल्या काळात अनेकांनी सुचवलं, की रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या भाजीवाल्यांना, दुकानदारांना चिल्लर देऊन नोटा घ्या. हा मार्ग वाईट नाही, पण दोन अटींवर. शंभराला शंभर मिळाले पाहिजेत, दोन रुपये कमी घेऊन नव्हे, ते अर्पणाचे पैसे आहेत. आणि बदलताना मोजणाऱ्यांपैकी दोघं हजर हवेत, वहीत तशी नोंद हवी. खजिनदाराने एकट्याने स्वतःच्या खिशातल्या नोटा ठेवून नाणी घरी नेऊ नयेत, हिशोब बरोबर असला तरी नाही. आणि आता यूपीआयमुळे भाजीवालेही पूर्वीसारखी चिल्लर मागत नाहीत, हजार-दोन हजारांच्या पुढे कोणी घेत नाही.

मध्येच आठवलं, नाताळात परदेशातून आलेल्या पाहुण्यांचं अर्पण. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, मग ते इथेच जन्मलेले, ओसीआय कार्डवाले का असेनात, त्यांचे पैसे रुपयांत असले तरी कायद्याने परदेशी देणगी धरले जातात. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर दुबईत काम करणारा मुलगा आपल्या पगारातून देतो, ते परदेशी देणगीत येत नाही. पाकिटावर हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून आम्ही उपासनेच्या सूचनांमध्येच एक ओळ वाचून दाखवतो. यूपीआयने देणाऱ्यांनाही तेव्हाच सांगतो, की शेऱ्यात घराचं नाव आणि महिना लिहा. नुसतं "चर्च" लिहिलेले सात भरणे या वेळी कोणाचे ते शोधायला चार दिवस गेले.

पुढच्या वर्षासाठी वडील मंडळाने ठरवलं आहे, की गल्ले वेदीपुढे पहिल्याच रविवारी येतील, पण घरातच मार्च, जून आणि सप्टेंबरच्या शेवटी रिकामे करून नाणी शंभराच्या पिशवीत भरून ठेवायची. पिशव्या आणि चिठ्ठ्या आम्ही संडेस्कूलमधून वाटल्या आहेत. बँकेलाही पत्र नोव्हेंबरमध्येच देणार आहोत, प्रकारवार अंदाज आणि दोन तारखा मागून.