वारशात आलेल्या सोन्याच्या नाण्यांची किंमत काढताना: माझा अनुभव

वारशाची नाणी हाती आल्यावर मी आधी वजनकाटा काढला नाही, भिंग काढलं. कसोटीच्या दगडावर घासलेलं, ॲसिड लावलेलं किंवा चकचकीत पुसलेलं नाणं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. किंमत सोन्यापुरती आहे की त्याहून जास्त, हे कळण्याआधी असा ओरखडा पाडायचा नसतो. म्हणून नाणी कडेने धरायची, मऊ कापडावर ठेवायची आणि दोन्ही बाजूंचे फोटो तिरक्या उजेडात काढायचे. मळ राहू द्यायचा.

मग ओळख. प्रत्येक नाण्याचा देश, वर्ष, मूल्य, डोक्याचं चित्र आणि टांकसाळीचं अक्षर मी वहीत उतरवलं. गिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश सॉव्हरिनवर हे अक्षर फार बारीक असतं. पाचव्या जॉर्जच्या नाण्यावर ते घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीच्या रेषेवर, वर्षाच्या आकड्यांच्या मधोमध वर सापडतं. ‘आय’ म्हणजे मुंबई (फक्त 1918), ‘एस’ सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘सी’ कॅनडा, ‘एसए’ प्रिटोरिया. अक्षरच नसेल तर लंडन. व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याच्या नाण्यांवर मात्र जागा बदलते: मागे ढाल असेल तर अक्षर हाराच्या खाली, घोडेस्वार असेल तर पुढच्या बाजूला मानेखाली. हे माहीत नसलं की अक्षर असूनही ‘लंडन’ लिहिलं जातं. 1917 चं लंडनचं नाणं दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकलाही भरपूर आहेत, त्यामुळे ही चूक दोन्हीकडून महाग पडते.

ओळख पटली की वजन. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा, सोबत व्हर्नियर कॅलिपर. सॉव्हरिन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, 22 कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं 7.322 ग्रॅम. अर्धी सॉव्हरिन वजनाने याच्या निम्मी. फ्रान्सचं 20 फ्रँक 6.45 ग्रॅम, 900 कसाचं (हजारात 900 भाग सोनं), शुद्ध सोनं 5.81. अमेरिकेचं 20 डॉलर 33.44 ग्रॅम, शुद्ध 30.09. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड 33.93 ग्रॅम, शुद्ध बरोबर एक ट्रॉय औंस. वापराने थोडी झीज होतेच. सॉव्हरिन चलनात असताना कायद्याने 7.938 ग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जाई. त्याखालचं वजन दिसलं की मी कड तपासते: कातरलेली आहे का, दागिन्यासाठी लावलेली कडी काढून घासलेली आहे का.

हिशेबात दोन चुका नेहमी होतात. सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाला असतो, म्हणजे 31.1035 ग्रॅमला. साध्या औंसाच्या 28.35 ने भागलं तर ग्रॅमचा दर जवळजवळ 10 टक्के फुगतो. दुसरी चूक उलट्या दिशेची. क्रुगररँड 22 कॅरेटचं आहे म्हणून औंसातून पुन्हा बाराव्या हिश्श्याची तूट धरली जाते. तांब्याचा भाग एकूण वजनात आधीच वेगळा धरलेला आहे. ती वजावट मान्य केली तर प्रत्येक नाण्यामागे सुमारे 2.6 ग्रॅम सोनं फुकट जातं. म्हणून मी फक्त शुद्ध सोन्याच्या ग्रॅमवर बोलते. कॅरेटचा विषय समोरच्याने काढला तरी आकडा तोच.

खरेपणासाठी पाण्यातलं वजन. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लटकतं ठेवलं, बुडाला वा काठाला न टेकता. काट्यावर दिसतं ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. हवेतल्या वजनाला त्याने भागायचं: सॉव्हरिनसाठी 7.98 भागिले 0.45, म्हणजे 17.7. ही नाण्याची घनता. बावीस कॅरेटला हे जुळतं. पण काटा 0.01 ने इकडेतिकडे झाला तर उत्तर 17.3 ते 18.1 असं हलतं, म्हणून लहान नाण्याला एका मोजणीवर दोषी ठरवू नये. बुडबुडे चिकटले तर घनता कमी दिसते. टंगस्टनची घनता 19.25, शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ. त्यामुळे 24 कॅरेटच्या नाण्यात ही चाचणी फसते, 22 कॅरेटमध्ये मात्र टंगस्टन असेल तर घनता जास्त भरते. एक्स-रे यंत्र कस दाखवतं, पण पृष्ठभागापासून काही मायक्रॉनपर्यंतच. जाड मुलाम्याला ते फसू शकतं.

एवढं सगळं पार केलेलं नाणंही नकली असू शकतं. 1950-60 च्या दशकांत बैरूतमध्ये पुऱ्या वजनाच्या, योग्य कसाच्या बनावट सॉव्हरिन पाडल्या गेल्या. त्यांत सोनं आहे, म्हणून मोडीचा (फक्त सोन्याचा) भाव मिळतो, पण संग्राहकाची किंमत शून्य. ती ओळखायची अक्षरं आणि चित्र पाहून: अक्षरांच्या गुळगुळीत कडा, सपाट केस, चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक फुगीर ठिपके, त्या वर्षी चालूच नसलेल्या टांकसाळीचं अक्षर. दुर्मीळ वाटणारं नाणं म्हणूनच पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या प्रमाणन संस्थेकडे पाठवावं. साध्या वर्षाच्या नाण्यावर ते शुल्क वाया जातं.

कडी लावलेली नाणी वेगळी काढावीत. डाकाचं (जोडायला वापरलेल्या धातूचं) वजन नाण्याच्या वजनात मिसळतं, आणि कडी काढली तरी डाकाची खूण राहते. त्यांची किंमत मी सोन्यापुरतीच धरते.

शेवटी प्रत्येक नाण्यासमोर तीन आकडे लिहिले: मोडीची किंमत, तशाच दर्जाच्या नाण्याची लिलावात प्रत्यक्ष झालेली विक्री, आणि विम्यासाठी बदली किंमत, म्हणजे तसंच दुसरं नाणं घ्यायला लागणारी रक्कम. विक्रेत्याने मागितलेला भाव कुठेच धरला नाही. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन आहे का, हेही पाहावं लागतं. विकणाऱ्याच्या हाती ते येत नाही. वाटणी करायची असेल तर सगळ्या नाण्यांना एकाच तारखेचा दर आणि एकाच रकान्यातला आकडा लावावा. एकाला विम्याचा आणि दुसऱ्याला मोडीचा भाव लागला की तिथेच भांडण सुरू होतं.